विहीर नॉर्वेच्या समुद्रात जाऊ नये म्हणून: सीमाभागातल्या नवख्यांसाठी अक्षांश-रेखांशांची तयारी

खानापूर तालुक्यातल्या जुन्या विहिरींचा तक्ता आम्ही पहिल्यांदा नकाशावर टाकला, तेव्हा पडद्यावर एकही विहीर दिसेना. खानापुरात नाही, बेळगावात नाही, अख्ख्या कर्नाटकात नाही. नकाशा लहान करत करत पार युरोपच्या डोक्यावर गेलो, तेव्हा सगळ्या सापडल्या. नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या पश्चिमेला, भर समुद्रात, एकमेकींना चिकटून. अक्षांशाच्या जागी रेखांश आणि रेखांशाच्या जागी अक्षांश गेला होता, एवढंच.

चौघांनी मिळून दीड महिना फिरून जमवलेली माहिती, आणि ती पडली कुठं तर अस्वलांच्या मुलखात. त्या दिवशी खूप हसलो. नंतर लक्षात आलं, की ही चूक निदान डोळ्यांना दिसली तरी. शंभर-दीडशे मीटरची चूक असती तर ती कुणालाच दिसली नसती. म्हणून गडकिल्ल्यांची, देवराईंची, झऱ्यांची, शाळांची नोंद करायला निघालेल्या आपल्याकडच्या पोरांसाठी हे लिहितोय. सॉफ्टवेअरची भीती बाळगू नका, ते दोन संध्याकाळी येतं. वेळ खातो तो तक्ता.

एक सूचना आधीच. या लेखातले आकडे मराठीत आहेत. तुमच्या फाईलीत मात्र अक्षांश-रेखांश इंग्रजी आकड्यांतच लिहा. मराठी कळफलकावरून टाकलेलं '१५.८५' नकाशाच्या बहुतेक सॉफ्टवेअरांना संख्या वाटतच नाही, अक्षरं वाटतात. आमच्यातल्या एका सरांनी चाळीस ओळी मोठ्या हौसेनं मराठी आकड्यांत भरल्या होत्या. त्या चाळीसही ओळी नकाशानं मुकाट्यानं गाळल्या.

रानात जाण्याआधी तक्ता आखा

कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये स्तंभ आधी ठरवा. आमचे असे आहेत: क्रमांक, मराठी नाव, कन्नड नाव, इंग्रजी नाव, गाव, तालुका, अक्षांश, रेखांश, अचूकता, नोंद कुणी केली, कधी केली, कशावरून घेतली. शेवटचे तीन स्तंभ भरायचा सगळ्यांना कंटाळा येतो. सहा महिन्यांनी दोन नोंदी एकमेकींशी भांडू लागल्या की खरं-खोटं याच तीन स्तंभांवरून ठरतं.

अक्षांश आणि रेखांश वेगवेगळ्या स्तंभांत हवेत. '१५.७७५, ७४.५' असं एकाच खान्यात कोंबू नका. अंशाचं चिन्ह, 'उत्तर', 'पूर्व', मीटर असलं काहीही त्या खान्यात नको. फक्त संख्या आणि दशांशासाठी टिंब.

क्रमांक प्रत्येक नोंदीला एकदाच द्या आणि तो जन्मभर तोच ठेवा. नोंद रद्द झाली तरी तो क्रमांक दुसऱ्या नोंदीला देऊ नका.

जागेवर नोंद घेताना

कणकुंबी, जांबोटी, आमगावच्या बाजूला गेलं की मोबाईलची रेंज जाते आणि नवखी मंडळी परत फिरतात. परत फिरू नका. जीपीएसला रेंज लागत नाही, तो थेट उपग्रहांचं ऐकतो. नेट नसलं की पहिली जागा पकडायला थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. नकाशाचा तो भाग आदल्या रात्री बेळगावात बसून ऑफलाईन उतरवून ठेवा.

फोनला उघडं आभाळ द्या. मोकळ्यावर साधा फोनसुद्धा तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. दाट झाडीत, कड्याच्या पोटाला किंवा शहरात उंच इमारतींच्या बोळात हाच आकडा वीस-तीस मीटरवर जातो. ॲप अचूकतेचा आकडा दाखवतं. तो खाली येऊन स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा आणि तो आकडाही लिहून घ्या. विहिरीवर वडाची सावली असेल तर चार पावलं बाजूला होऊन नोंद घ्या आणि शेऱ्यात लिहा: 'विहिरीच्या पूर्वेला दहा मीटरवरून घेतली.'

गावकऱ्याला विचारल्याशिवाय निघू नका. एका धनगरवाड्यावर मी फोनवरचा ठिपका दाखवत होतो, तर म्हातारबा म्हणाले, "तुमच्या फोनात बराबर दिसतंय ओ, खरं आमची हीर पांदीच्या पल्याड हाय." बरोबर तेच होते. मी नोंद घेतलेली विहीर दुसरीच, नंतर खणलेली निघाली.

फोटोंचंही सांगतो. फोटोच्या पोटात जागेचे आकडे साठवता येतात, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते चालू करावं लागतं. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की आकडे गळून पडतात. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकतात. आमचे सुरुवातीचे निम्मे फोटो असेच आंधळे झाले.

घरबसल्या गूगल मॅप्सवरून जागा उचलणार असाल, तर ब्राउझरच्या पत्त्यात ॲटच्या चिन्हापुढे दिसणारे आकडे कॉपी करू नका. ते पडद्याच्या मध्यबिंदूचे असतात, तुमच्या जागेचे नव्हेत. नकाशा बोटानं जरा सरकवला की तेही बदलतात. हवी ती जागा फोनवर दाबून धरा, संगणकावर असाल तर तिथं उजवी क्लिक करा, आणि त्या जागेचे म्हणून दिसणारे आकडे घ्या.

अंश-मिनिटं-सेकंदांचं दशांशात रूपांतर

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. जुनी गॅझेटियरं, पुरातत्त्वाच्या याद्या, टोपोशीट (सर्वेक्षण विभागाचे तपशीलवार छापील नकाशे) यांत जागा अंश, मिनिटं, सेकंदांत असतात. डिजिटल नकाशाला दशांश अंश लागतात. एका अंशात साठ मिनिटं, एका मिनिटात साठ सेकंद. म्हणून मिनिटांना ६० नं भागा, सेकंदांना ३६०० नं भागा आणि दोन्ही अंशांत मिळवा.

येळ्ळूरच्या बाजूचा एक बिंदू घेऊ: १५ अंश ४६ मिनिटं ३० सेकंद उत्तर, ७४ अंश ३० मिनिटं पूर्व. ४६ भागिले ६० म्हणजे ०.७६६७. ३० भागिले ३६०० म्हणजे ०.००८३. बेरीज १५.७७५. रेखांश सरळच आहे, ७४.५.

आता नवखा माणूस काय करतो? मधली चिन्हं काढतो, टिंब देतो आणि १५.४६३० व ७४.३० लिहून मोकळा होतो. आकडे दिसायला अगदी सज्जन. नकाशावर हा बिंदू मूळ जागेपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, गोव्याच्या हद्दीजवळच्या घाटातल्या जंगलात पडतो. आपल्या मुलखातच पडल्यामुळे कुणाला शंकासुद्धा येत नाही. म्हणूनच मला नॉर्वेपेक्षा ही चूक जास्त वाईट वाटते. ओळखायची एक खूण आहे: स्तंभातल्या एकाही आकड्यात दशांशानंतरची पहिली दोन अक्षरं ६० च्या वर जात नसतील, तर कुणीतरी मिनिटं तशीच चिकटवली आहेत असं समजा.

काही जीपीएस यंत्रं तिसऱ्याच तऱ्हेनं दाखवतात, अंश आणि दशांश मिनिटं, म्हणजे १५ अंश ४६.५ मिनिटं. तिथं ४६.५ ला ६० नं भागायचं. उत्तर तेच, १५.७७५.

दशांशानंतर किती आकडे ठेवायचे? आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण ११०.६ किलोमीटर, रेखांशाचा एक अंश सुमारे १०७ किलोमीटर. त्या हिशेबानं चौथा आकडा अकरा मीटरचा, पाचवा एका मीटरचा, सहावा अकरा सेंटिमीटरचा. फोनची नोंद पाच मीटरची असेल तर पाच आकडे पुरे, सहा ठेवले तरी बिघडत नाही. बारा-पंधरा आकडे छापणारे लोक स्वतःचीच फसवणूक करतात. विहिरीची जागा केसाच्या जाडीइतकी अचूक कुणाला हवी आहे?

तक्ता तपासा

बेळगाव जिल्ह्यासाठी मी एक चौकट धरतो: अक्षांश १५ ते १७, रेखांश ७४ ते ७५.५. दोन्ही स्तंभांतली सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या काढा. चौकटीबाहेर काही असेल तर ती ओळ लाल करा. शून्य-शून्य असलेल्या ओळी हटकून सापडतील. तो बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडतो आणि जगभरच्या अर्धवट भरलेल्या नोंदी तिथं मुक्कामाला असतात. खाना रिकामा असेल तर रिकामाच ठेवा, शून्य टाकू नका.

स्प्रेडशीटचे दोन दगे लक्षात ठेवा. पहिला, एकच स्तंभ निवडून क्रम लावणं. बाकीचे स्तंभ जागेवर राहतात, अक्षांश तेवढे हलतात आणि प्रत्येक गावाला शेजारच्या गावाचा अक्षांश मिळतो. आमच्या बाबतीत हे झालं, तेव्हा मूळ फाईलीची प्रत होती म्हणून वाचलो. दुसरा, खान्याचा कोपरा धरून खाली ओढणं. स्प्रेडशीट त्याला मालिका समजून १५.८५, १६.८५, १७.८५ असं वाढवत नेऊ शकतं. एका सरळ उभ्या रेषेत, एकेका अंशाच्या अंतरावर उत्तरेकडं निघालेल्या विहिरी दिसल्या तर कारण हेच.

मूळ फाईल कधीही बदलू नका. 'मूळ' नावाची एक प्रत बाजूला ठेवा आणि दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीत करा.

नावांचा गुंता

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मंडळींना इतका छळत नसावा. आपल्याकडे एका गावाची निदान तीन रूपं: मराठी, कन्नड आणि सरकारी इंग्रजी. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण त्याआधीच्या सगळ्या याद्यांत जुनं नाव आहे. त्यात कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द. इंग्रजी यादीत ती दोन अक्षरांची शेपटं होतात आणि घाईत गळतात, मग दोन गावांचं एक होतं. खडेबाजार बेळगावातही आहे आणि शहापुरातही. खानापूर तर सांगली जिल्ह्यातही आहे. नुसतं नाव देऊन संगणकाकडून जागा शोधून घेतली, तर तो कुठलं खानापूर उचलेल याचा नेम नाही.

उपाय म्हणजे जोडणी नावावर नको, कोडवर करा. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड आहे. तो एका स्तंभात भरा. मग गावाचं नाव कुणी येळ्ळूर लिहो, कुणी यळ्ळूर, काही अडत नाही. नावाचे तिन्ही स्तंभ ठेवा आणि कुठलंही रूप 'चूक' म्हणून खोडू नका. नकाशा पाहणारा निपाणीचा असेल तसा गोकाकचाही असेल.

तक्ता सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल म्हणून साठवायचा असतो. तेव्हा 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय घ्या. साधा सीएसव्ही घेतला तर मराठी आणि कन्नड दोन्हींच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चित्रविचित्र अक्षरं येतात, आणि एकदा प्रश्नचिन्हं होऊन फाईल साठली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. जुन्या कचेऱ्यांतल्या याद्या बऱ्याचदा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतात. मराठीसाठी कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, कन्नडसाठी नुडी किंवा बरहाचे जुने फॉन्ट. त्या आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी वाचून काढा, कारण कन्व्हर्टर रफार हमखास चुकवतात.

आकडा कुठल्या मोजपट्टीतला?

इथं जरा सावकाश वाचा. अक्षांश-रेखांश म्हणजे पृथ्वीच्या एका विशिष्ट कल्पित आकारावरचं मोजमाप. फोन आणि जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४' हा आकार धरतात. सॉफ्टवेअरमध्ये अशा प्रत्येक प्रणालीला 'ईपीएसजी' क्रमांक असतो, याचा ४३२६. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट मात्र १८३० च्या एव्हरेस्ट आकारावर बेतलेली आहेत. त्या मोजणीचा मूळबिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरचा. जुन्या शीटवरून वाचलेला बिंदू जसाच्या तसा आजच्या नकाशावर टाकला तर बेळगावच्या आसपास तो शंभर मीटरहून जास्त सरकतो. आपलं जुनं शीट ओळखायचं तर बेळगाव, खानापूरचा भाग ४८ आय मध्ये येतो आणि निपाणी ४७ एल मध्ये. नव्या 'ओपन सीरिज' नकाशांना ही अडचण नाही, ते डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत. जुन्या शीटचे बिंदू टाकताना सॉफ्टवेअरमध्ये 'कल्याणपूर १९७५' ही प्रणाली निवडा आणि रूपांतर त्यालाच करू द्या.

कधी तुमच्या हातात अंशांऐवजी मोठमोठे आकडे पडतील. घाबरू नका, आकडा स्वतःच आपलं गोत्र सांगतो. बेळगाव शहराजवळचा बिंदू ७४.५ आणि १५.८५ असा असेल तर ते अंश. साधारण ४,४६,००० आणि १७,५२,००० असा असेल तर ते मीटर, यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत) पट्टा ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३. खानापूरपासून बिदरपर्यंतचा सगळा सीमाभाग याच एका पट्ट्यात बसतो, ही आपली सोय. आणि ८२,९३,००० व १७,८७,००० च्या घरात असेल तर तो वेब मर्केटर, ईपीएसजी ३८५७, गूगल किंवा ओपनस्ट्रीटमॅपची चित्रं ज्यात रंगवतात तो. वेब मर्केटरमध्ये अंतर मोजू नका. आपल्या अक्षांशावर ते चार टक्क्यांनी फुगतं. अंतर आणि क्षेत्रफळ यूटीएममध्ये मोजा.

आता नवख्यांची ठरलेली चूक. यूटीएममधली फाईल चुकीच्या जागी दिसली की ते सॉफ्टवेअरमधल्या लेयरवर, म्हणजे नकाशाच्या थरावर, उजवी क्लिक करून प्रणाली ४३२६ करून टाकतात. त्यानं आकडे बदलत नाहीत, फक्त पाटी बदलते. किलोच्या पोत्यावर 'क्विंटल' लिहिल्यासारखं. आकडे ज्या प्रणालीतले आहेत तीच आधी सांगा, आणि मग 'रिप्रोजेक्ट' करून नवी फाईल काढा.

नकाशावर

क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. लेयर मेन्यूत 'ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर' घ्या, सीएसव्ही निवडा. एक्सच्या जागी रेखांश, वायच्या जागी अक्षांश. आमची विहीर बुडाली ती इथंच. आपण बोलताना 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, म्हणून हात आपोआप अक्षांश आधी टाकतो. पण एक्स म्हणजे आडवं, पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश. जिओजेसन आणि केएमएल या नकाशाच्या फाईलींतही रेखांश आधी असतो. गूगल मॅप्सच्या शोधखान्यात अक्षांश आधी. वेबपानावर नकाशा दाखवायला लीफलेट ही तयार कोडची लायब्ररी वापरलीत तर त्याच्या कोडमध्ये परत अक्षांश आधी, पण त्याच लीफलेटला जिओजेसन दिलं तर रेखांश आधी. याला तर्क नाही, पाठच करायचं.

खाली ओपनस्ट्रीटमॅपचा थर घाला आणि ज्यांची जागा डोळे मिटून सांगाल अशा पाच जागा तपासा: बेळगावचा किल्ला, सांबऱ्याचा विमानतळ, राजहंसगड, तिसरं रेल्वे गेट, खानापूरचं स्टेशन. पाचही बरोबर बसल्या तर प्रणाली आणि क्रम ठीक आहे. पाचही एकाच दिशेला सारख्याच सरकल्या असतील तर मोजपट्टी चुकली आहे. एखादीच भरकटली असेल तर तिचा आकडा टंकताना चुकला आहे.

क्यूजीआयएस नको असेल तर गूगल माय मॅप्समध्ये थेट सीएसव्ही चढवता येते, एका थरात २००० ओळींपर्यंत. कोणता स्तंभ अक्षांश आणि कोणता रेखांश ते तिथं स्वतः विचारलं जातं. गावातल्या मंडळाला दुवा पाठवायला तेवढं पुरतं. ओपनस्ट्रीटमॅपचा थर वापरलात तर नकाशाच्या कोपऱ्यात त्यांचा उल्लेख ठेवा, ती त्यांच्या परवान्याची अट आहे.

सगळ्यांसमोर ठेवण्याआधी

फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीयांना नकाशाची माहिती गोळा करून प्रसिद्ध करायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. तरी बेळगाव हे मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या केंद्राचं आणि सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं असलेलं शहर. लष्करी आवारातलं काहीही टिपू नका. देशाची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाप्रमाणेच दाखवा. राज्याच्या सीमेचा थर घातलात तर तो कुठून आणि कुठल्या सालचा घेतला ते खाली लिहा. आपल्या भागात ती रेघ बघून लोक आधी वाद घालतात, विहिरी नंतर बघतात.

खाजगी विहिरीवर मालकाचं नाव, फोन, सर्व्हे नंबर टाकू नका, त्याला विचारून टाकलं तर गोष्ट वेगळी. देवराईतल्या मूर्ती, दुर्मीळ झाडं, वीरगळ यांची जागा जाहीर नकाशात दोनच दशांशांपर्यंत ठेवा. त्यानं ती किलोमीटरभर धूसर होते. पूर्ण आकडे आपल्या मूळ फाईलीत राहू देत.

आमच्या तक्त्यात आज एकशे बारा विहिरी आहेत. त्यांतल्या सात अजून लाल आहेत. पाऊस उघडला की जांबोटीकडं पुन्हा जायचंय, आणि या खेपेला त्या म्हातारबांना आधी गाठायचंय.